साथीच्या पुढे वार्ता धावली पाहिजे

सत्तरीच्या डोंगरात काजूच्या बागायतीकडे जाणाऱ्या पाऊलवाटेवर एखादे माकड मरून पडलेले दिसले, तर एके काळी त्याची कोणी दखल घेत नसे. वाटसरू नाकाला पदर लावून पुढे जाई आणि घरी पोहोचेपर्यंत ती गोष्ट विसरूनही जाई. आज तसे करून चालणार नाही. २०१५ साली सत्तरी तालुक्यातील पाली गावात माकडतापाचे रुग्ण आढळले. २०१६ साली सीमेपलीकडे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात तोच ताप आला आणि त्याच सुमारास बेळगाव जिल्ह्यातही त्याने डोके वर काढले. तेव्हापासून सह्याद्रीच्या या टोकावरील तिन्ही राज्यांच्या ग्रामस्थांस एक गोष्ट कळून चुकली आहे. रानात मेलेले माकड ही निसर्गाने पाठविलेली तार आहे. ती तार कोण वाचतो, किती वेळात वाचतो आणि वाचून कोणास कळवितो, यावर पुढे अनेक कुटुंबांचे सुखदुःख अवलंबून असते.

माकडतापाचा विषाणू गोचिडीच्या चाव्यातून माणसाच्या शरीरात शिरतो. चाव्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांनी एकाएकी ताप चढतो, डोके आणि अंग असह्य दुखू लागते, काही रुग्णांस रक्तस्राव होतो. शंभर रुग्णांमागे तीन ते पाच दगावतात, असा आजवरचा अनुभव आहे. या रोगावर अमुक एक गोळी द्यावी आणि तो बरा व्हावा, असे औषध अद्याप हाती आलेले नाही. वेळेवर शुश्रूषा हाच उपचार होय. त्यातून रोगाचा हंगाम डिसेंबर ते मे, आणि काजूचा हंगामही नेमका त्यातच येतो. ज्याच्या वर्षाची मीठभाकरी त्या चार महिन्यांच्या बोंडूंवर अवलंबून आहे, त्या कष्टकऱ्यास 'रानात जाऊ नकोस' असे सांगणे सोपे आहे, ऐकणे त्याला परवडणारे नाही.

अशा वेळी हातात उरतो तो केवळ वेळ. माकड मेलेले दिसले की ती खबर वनरक्षकाकडून पशुवैद्याकडे आणि आरोग्य केंद्राकडे त्याच दिवशी जावी, नमुना प्रयोगशाळेत रवाना व्हावा, त्या जागेच्या सभोवार कीटकनाशक टाकले जावे, गावकऱ्यांस तिकडे फिरकू नये म्हणून बजावावे, रानात जाणे अटळच असेल त्यांस अंगाला लावावयाचे गोचीड-प्रतिबंधक तेल द्यावे, आणि आसपासच्या सर्व डॉक्टरांस 'तापाचा रुग्ण आला तर माकडतापाची शंका घ्या' असे कळवावे. यातील एकही काम अशक्यप्राय नाही. तथापि ही सारी कामे तीन दिवसांत झाली तर उपाय ठरतात आणि तीन आठवड्यांनी झाली तर सरकारी दप्तरातील नोंद ठरतात. वरातीमागून आलेल्या घोड्याने नवरदेवाची शोभा वाढत नाही.

या रोगाचा जन्मवृत्तान्तच मुळी या गोष्टीची साक्ष देतो. १९५७ साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. माकडे मरतात म्हणजे आफ्रिका-अमेरिकेतील पीतज्वर हिंदुस्थानात उतरला की काय, अशी धास्ती तज्ज्ञांस पडली होती. पुण्यात १९५२ साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने, जे आज राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते, छडा लावला आणि हा पीतज्वर नसून एक नवाच विषाणू असल्याचे सिद्ध केले. रानातील मेलेल्या माकडांची खबर पुण्यापर्यंत पोहोचली, म्हणून हे घडले. ती खबर रानातच कुजली असती तर त्या रोगाचे नावही दीर्घकाळ कोणास ठाऊक झाले नसते.

साथीच्या काळात खबर लवकर देणाऱ्यांची परंपरा गोमंतकास नवी नाही. बार्देशातील हडफडे गावी जन्मलेले डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस हे मुंबईत वैद्यकी करीत असता १८९६ सालच्या सप्टेंबरात मांडवी भागात त्यांस असे रुग्ण दिसले की ज्यांच्या तापाची लक्षणे नेहमीच्या तापाशी जुळत नव्हती. ही ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची साथ आहे, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. व्यापाराच्या भरभराटीत असलेल्या बंदरास असे निदान गोड वाटणे शक्यच नव्हते. पण खरी गोष्ट वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत सांगणे हे वैद्याचे पहिले कर्तव्य त्यांनी बजावले. त्यांचा पुतळा मुंबईत उभा आहे, तो या सत्यकथनाचाही पुतळा आहे असे आम्ही समजतो.

परंतु त्याच साथीने दुसराही धडा शिकविला. १८९७ साली सरकारने साथरोगाचा कायदा केला, अधिकाऱ्यांस अपरंपार अधिकार दिले आणि पुण्यात गोऱ्या शिपायांकरवी घरोघर झडत्या सुरू केल्या. परिणाम काय झाला? लोकांनी रुग्ण दडविले. माळ्यावर, कोठारात, नातलगांकडे, जेथे जागा मिळेल तेथे माणसे लपविली गेली. ज्या माहितीसाठी एवढा अट्टहास होता, ती माहितीच नाहीशी झाली. रँड साहेबांच्या वधापर्यंत गेलेला तो इतिहास वाचकांस ठाऊक आहे. आरोग्याची खबर दंडुक्याने गोळा करता येत नाही. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे, त्याचा जोपर्यंत विश्वास आहे तोपर्यंतच ती मिळते. वेग आणि विश्वास यांची सांगड घालणे हीच या प्रश्नाची खरी गोम आहे.

किनाऱ्यावरच्या माणसास हे समजावून सांगण्याची फारशी गरज नसावी. जहाजाबरोबर माल येतो तसा रोगही येतो, हे बंदरांनी शतकानुशतके अनुभविले आहे. म्हणूनच १९२५ साली राष्ट्रसंघाने सिंगापूर येथे एक कचेरी उघडली. पूर्वेकडील बंदरांनी प्लेग, पटकी, देवी यांची खबर दर आठवड्यास तारेने या कचेरीस कळवावी, आणि कचेरीने तिचे संकलन करून ते बिनतारी यंत्रणेने सर्वत्र प्रसृत करावे, अशी ती व्यवस्था होती. भर समुद्रातील जहाजाच्या कप्तानासही आपण ज्या बंदराकडे चाललो आहोत तेथे पटकी आहे की नाही, हे कळू शकत होते. हे शंभर वर्षांपूर्वी होत होते. ज्या तारेच्या आधारे ते झाले, ती तार आपल्या देशात २०१३ सालच्या जुलैमध्ये बंद पडली. तिच्या जागी प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी आला. साधन सहस्रपटींनी वेगवान झाले. प्रश्न इतकाच की वार्ताही तितक्याच पटींनी वेगवान झाली काय?

देवीच्या निर्मूलनाची कथा या संदर्भात उद्‌बोधक आहे. लस तर दीडशेहून अधिक वर्षे उपलब्ध होती. तरीही देवी हटत नव्हत्या. १९७३ नंतर हजारो आरोग्यसेवकांनी ठरलेल्या आठवड्यात गावोगाव, घरोघर जाऊन रुग्णाचे चित्र दाखवीत 'असा रुग्ण कोठे पाहिलात काय' असे विचारण्याचा सपाटा लावला, खबर देणाऱ्यास बक्षीस जाहीर केले, आणि रुग्ण सापडताच त्याच्या भोवतीच्या माणसांस लस टोचून साथीस कोंडून मारले. १९७५ सालच्या मे महिन्यानंतर देशात देवीचा रुग्ण आढळला नाही. लसीस दिशा दाखविण्याचे काम वार्तेने केले.

पुढे पोलिओच्या मोहिमेत याच पद्धतीस आणखी एक शिस्त जोडली गेली. रुग्ण आढळला तर कळवावयाचे हे तर झालेच, पण आढळला नाही तरी 'निरंक' असा अहवाल ठरल्या दिवशी पाठवावयाचा. वरवर पाहता हा कारकुनी सोपस्कार वाटेल. पण विचार केला तर त्यातील मर्म ध्यानी येते. एखाद्या केंद्राकडून काहीच कळले नाही, याचे अर्थ दोन होतात. तेथे रोग नाही, किंवा तेथे कळविणारा नाही. निरंक अहवालाने हा संशय दूर होतो. २०११ सालच्या जानेवारीत हावडा येथे सापडलेला रुग्ण हा देशातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा अखेरचा ठरला आणि २०१४ सालच्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, त्यामागे या हजारो 'निरंक' कागदांचाही वाटा आहे.

खबर वेळेवर न मिळाल्यास काय होते, हे १९९४ साली सुरतेने दाखविले. प्लेगच्या संशयाने शहर हादरले. रोग आहे की नाही, असल्यास किती जणांस, याचे खात्रीचे उत्तर प्रयोगशाळेकडून येईना. तेव्हा उत्तर देण्याचे काम अफवांनी पत्करले. लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली, त्यांत काही डॉक्टरही होते. परदेशांनी विमाने थांबविली, माल अडविला. रोगाने केलेल्या हानीपेक्षा अनिश्चिततेने केलेली हानी कितीतरी अधिक होती. पोकळी निसर्गास मानवत नाही म्हणतात, वार्तेच्या प्रांतात तर ती क्षणभरही टिकत नाही. खरी वार्ता नसेल तेथे खोटी येऊन बसते.

या अनुभवातून देश काहीच शिकला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. उपकेंद्रातील आरोग्यसेविकेने लक्षणांवरून, डॉक्टराने अनुमानित निदानावरून आणि प्रयोगशाळेने तपासणीवरून, असे तीन निरनिराळे तक्ते दर आठवड्यास भरून पाठवावयाचे, अशी त्याची रचना होती. आठवड्याचा तक्ता ही मोठी सुधारणा होती, यात शंका नाही. पण रोग आठवड्याचा बाजार धरून चालत नाही. सोमवारी चढलेल्या तापाची नोंद रविवारी संपणाऱ्या आठवड्यात पडावयाची, पुढच्या आठवड्यात ती जिल्ह्यास जावयाची आणि तेथून वर. तोवर गोचीड आपले काम करून मोकळी होते. ही उणीव ओळखूनच एकात्मिक आरोग्य माहिती मंच ही नवी संगणकीय व्यवस्था काही राज्यांत २०१८ साली प्रायोगिक स्वरूपात आणि ५ एप्रिल २०२१ रोजी देशभरासाठी सुरू करण्यात आली. खालच्या केंद्रातून प्रत्येक रुग्णाची नोंद त्याच दिवशी व्हावी आणि ती एकाच वेळी तालुका, जिल्हा, राज्य व दिल्ली यांस दिसावी, हा तिचा हेतू आहे. हेतू स्तुत्य आहे. आमचे म्हणणे त्यापुढचे आहे.

यंत्र घेतले म्हणजे काम झाले, हा भ्रम श्रीमंत देशांसही महागात पडला आहे. २०२० सालच्या कोरोना साथीत इंग्लंडमध्ये प्रयोगशाळांकडून येणारी माहिती एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या तक्त्यात भरली जात होती. त्या तक्त्यास सुमारे पासष्ट हजार ओळींची मर्यादा असते. मर्यादा भरली आणि पुढील नोंदी कोणास न कळता गळून गेल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठ दिवसांतील १५,८४१ बाधितांची नावे दैनंदिन आकड्यांतून निसटली. त्या रुग्णांस आपण बाधित आहोत हे कळले होते, परंतु त्यांच्या संपर्कात आलेल्यांस गाठण्याचे काम जे तत्काळ व्हावयाचे ते काही दिवस थांबले. प्रगत म्हणविणाऱ्या जपानात त्याच वर्षी डॉक्टर हाताने अर्ज भरून फॅक्सने पाठवीत होते. आपल्याकडे १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने मागील नोंदींचा ताळमेळ घालून १,३२८ मृत्यू एका दिवसात यादीत वाढविले. चूक दुरुस्त केली हे योग्यच झाले. पण जे मृत्यू घडले त्या दिवशी मोजले गेले नाहीत, त्यांच्यावरून त्या दिवशी काही निर्णयही घेता आला नाही. उशिरा आलेला खरा आकडा इतिहासकाराच्या उपयोगी पडतो, डॉक्टराच्या नव्हे.

याच्या उलट एक उदाहरण नायजेरियाचे आहे. २०१४ सालच्या जुलैमध्ये इबोलाचा एक रुग्ण विमानाने लागोस या अफाट वस्तीच्या शहरी उतरला. पश्चिम आफ्रिकेतील इतर काही देशांत या रोगाने थैमान घातले होते. तेथील पहिला रुग्ण डिसेंबर २०१३ मधला आणि रोगाची ओळख पटली ती मार्च २०१४ मध्ये. मधल्या तीन महिन्यांच्या मौनाची किंमत पश्चिम आफ्रिकेने अकरा हजारांहून अधिक प्राणांनी मोजली. नायजेरियाने मात्र पोलिओसाठी उभारलेले नियंत्रण केंद्र आणि तेथील माणसे ताबडतोब या कामास लावली, सुमारे नऊशे संपर्कितांची यादी केली, त्यांच्या घरी दररोज माणसे पाठविली आणि मोबाईल दूरध्वनीवरून खबर केंद्रास कळविली. वीस रुग्ण आणि आठ मृत्यू यांवर साथ थांबली. २० ऑक्टोबर रोजी तो देश इबोलामुक्त जाहीर झाला. नायजेरिया काही इंग्लंडहून श्रीमंत नाही. त्यांच्यापाशी सवय झालेली माणसे होती आणि ती कोणाच्या हुकमाखाली काम करणार हे आधी ठरलेले होते.

आता आपल्या घराकडे वळू. बांबोळीच्या गोमेकॉत सिंधुदुर्गातून आणि कारवारकडून रुग्ण वर्षानुवर्षे येतात. गोमंतकाने त्यांस कधी परके मानले नाही आणि मानूही नये. समजा, दोडामार्गचा एक मजूर तापाने फणफणत तेथे दाखल झाला आणि तपासणीत माकडताप निघाला. त्याची नोंद गोव्यात होईल. पण ज्या रानात त्यास गोचीड चावली ते रान महाराष्ट्रात. उपाय तेथे व्हावयाचा. ती खबर बांबोळीहून पणजी, पणजीहून दिल्ली, दिल्लीहून मुंबई, मुंबईहून ओरोस असा प्रवास करून दोडामार्गास यावयाची असेल, तर तो काजूचा हंगाम संपलेला असेल. बांबोळी ते दोडामार्ग हा रस्ता काही तासांचासुद्धा नाही. माकड, गोचीड आणि मजूर यांस राज्यांच्या सीमा दिसत नाहीत. त्या केवळ कागदास दिसतात.

यास्तव आमच्या मते चार गोष्टी त्वरेने व्हावयास हव्यात. पहिली, गोवा, सिंधुदुर्ग, बेळगाव व उत्तर कन्नड येथील आरोग्य अधिकाऱ्यांत थेट आणि दैनंदिन संपर्काची लेखी व्यवस्था असावी. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार २००७ सालापासून गंभीर साथीची खबर मूल्यमापन होताच चोवीस तासांत जागतिक आरोग्य संघटनेस देण्याचे बंधन राष्ट्रांनी मान्य केले आहे. जे वॉशिंग्टन आणि बीजिंग यांनी परस्परांसाठी मान्य केले, ते साखळी आणि सावंतवाडी यांनी परस्परांसाठी मान्य करावयास कोणती अडचण आहे?

दुसरी, वनखाते, पशुवैद्यक खाते आणि आरोग्यखाते यांची नोंद एकाच ठिकाणी व्हावी. मेलेल्या माकडाची खबर एका खात्याच्या टेबलावर आणि तापाच्या रुग्णाची दुसऱ्या खात्याच्या टेबलावर, अशी ताटातूट झाली की दोन्ही निरुपयोगी ठरतात. तिसरी, खाजगी दवाखाने व प्रयोगशाळा यांस या साखळीत सन्मानाने सामावून घ्यावे. गावातील माणूस ताप आला की प्रथम जवळच्या डॉक्टराकडे जातो. त्या डॉक्टरास चार ओळींत, मराठीत वा कोकणीत, दूरध्वनीवरून खबर देता आली पाहिजे. वीस रकाने भरावयास सांगाल तर तो एकही भरणार नाही.

चौथी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. खबर वर जाते तशी ती खालीही आली पाहिजे. उपकेंद्रातील सेविका दिवसभर डोंगर चढउतार करून रात्री नोंदी भरते. नमुन्याचे पुढे काय झाले, तिने कळविलेल्या तापाचे निदान काय निघाले, हे तिला कोणी सांगतच नसेल, तर ती नोंद तिच्या लेखी वेठ ठरते आणि वेठीच्या कामात चुका होतात. तिने दिलेल्या खबरेवरून गावात तेल वाटले गेले, हे तिला दिसले तर पुढची खबर ती न सांगता देईल. तसेच अधिक रुग्ण कळविले म्हणून जेथे अधिकाऱ्यावर ठपका येतो, तेथे आकडे आपोआप कमी होतात आणि रोग वाढतो. पर्यटनाचा हंगाम आहे, बोभाटा नको, या विचाराने आकडा दडविणारा मनुष्य पर्यटनाचेही भले करीत नसतो. सुरतेचे उदाहरण त्यासाठीच आम्ही वर दिले.

येथे एक सावधगिरीही नोंदविली पाहिजे. रुग्णाचे नाव, गाव आणि आजार या त्याच्या खाजगी गोष्टी आहेत. कोरोनाच्या पहिल्या लाटेत रुग्णांच्या याद्या हातोहात फिरल्या आणि बरे होऊन आलेल्या माणसांस शेजाऱ्यांनी दार बंद केले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्या अधिकाऱ्यास उपाय करावयाचा आहे त्यास नाव कळावे, जनतेस गाव आणि आकडा कळावा. ही रेषा पाळली गेली तरच पुढच्या साथीत लोक दार उघडतील. अन्यथा १८९७ चे पुणे पुन्हा दिसेल.

यापैकी कोणत्याही गोष्टीस मोठे भांडवल लागत नाही. संगणक आहेत, दूरध्वनी आहेत, मंचही उभा आहे. लागतो तो निश्चय, आणि साथ नसतानाच्या दिवसांत केलेला सराव. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली जुनी खोड आहे. ती या बाबतीत तरी सोडली पाहिजे. डिसेंबर उजाडण्यापूर्वी या चारही भागांचे अधिकारी एका टेबलाशी बसले आणि 'माकड मेल्याचे कळताच पहिला दूरध्वनी कोणी कोणास करावयाचा' एवढे जरी त्यांनी ठरविले, तरी अर्धे काम झाले असे आम्ही म्हणू.

पुढच्या काजूच्या हंगामात पहाटे टोपली घेऊन कोणी बाई रानाची वाट धरील. वाटेत तिला एखादे माकड निपचित पडलेले दिसेल. ती थांबेल, मागे फिरेल आणि गावात सांगेल. तिचे काम तेथे संपते. तेथून पुढची जबाबदारी राज्यकर्त्यांची आणि अधिकाऱ्यांची आहे. तिची ती खबर सायंकाळपर्यंत सीमेच्या दोन्ही बाजूंस पोहोचावी, इतकेच आमचे मागणे आहे.